व्हॅम फुटल्यावर अँड्र्यू रिजलीचं काय झालं? (आमची जोडी फुटायच्या बेतात आहे म्हणून विचारतोय)

रंकाळ्याचा_गिटारवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्लंडमधल्या जुन्या पॉप जोडीबद्दल आहे पण विचारायचं कारण घरचं आहे, त्यामुळं जरा लांबण लागंल, तेवढं सांभाळून घ्या.

मी आणि माझा दोस्त पाचवीपासून एका बाकावर. अकरावीला असताना बँड काढला, बँड म्हणजे काय तर आम्ही दोघंच, तो गातो आणि मी गिटार, ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला लागंल तसा बोलवायचा. नऊ वर्षं झाली ह्याला. गणपतीत मंडळांच्या स्टेजवर वाजवलंय, हळदीच्या सुपाऱ्या घेतल्यात, राजारामपुरीत कॅफेत वाजवलंय जिथं निम्मं पब्लिक आपापल्या फोनमध्ये असतं, आणि एकदा, एकदाच, केशवराव भोसले नाट्यगृहात वाजवलंय, २०२४ च्या आगीच्या आधी. त्या स्टेजवर तो पहिल्याच अंतऱ्याला ओळ विसरला आणि मी मागनं हळूच सांगितली, कुणाला कळलं पण नाही. आमची स्वतःची चौदा गाणी आहेत. काही चाली माझ्या, शब्द बरेचसे त्याचे, काही दोघांनी मिळून रात्री रंकाळ्यावर बसून केलेली. कुठलं कुणाचं हे कधी लिहून ठेवलं नाही, तशी वेळच आली नव्हती.

आता आलीय. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीनं त्याचे व्हिडिओ बघून त्याला बोलावलंय. एकट्याला. त्यांना गायक पाहिजे, जोडी नको, असं फोनवर सरळ सांगितलं. मला हे सांगताना तो रडला. मी म्हटलं जा, असा चान्स परत येत नाही. ते मनापासूनच म्हटलं, पण घरी आल्यावर तीन दिवस गिटारला हात लावला नाही हेपण खरं आहे.

आणि नेमकी त्याच आठवड्यात व्हॅमवरची डॉक्युमेंटरी बघितली, नेटफ्लिक्सवरची, २०२३ मध्ये आलेली. त्या जोडीतला गायक जॉर्ज मायकल सगळ्यांना माहीत असतोय, निदान त्या 'केअरलेस व्हिस्पर'मधल्या सॅक्सोफोनमुळं तरी. पण त्याच्या शेजारी गिटार घेऊन उभा असायचा तो अँड्र्यू रिजली, त्याला जग 'तो दुसरा' म्हणून ओळखतं. बघता बघता मला कळलं की मी बघतोय ते माझंच चाललंय. तर जाणकारांना विचारायचं हे की अँड्र्यू खरंच नुसता शेजारी उभा असायचा का, जॉर्जनं बँड संपवला तो योग्य वेळी संपवला का, आणि एवढं होऊन दोघांची दोस्ती टिकली ती कशी. उत्तर पॉप म्युझिकबद्दल दिलं तरी मला पोचतंय.

मिरजकर_तिकटी:

भावा, स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. जगाला गायक लक्षात राहतो. जॉर्ज मायकल एकटा झाला आणि १९८७ ला 'फेथ' काढला, एका अल्बममधली चार गाणी अमेरिकेत एक नंबरला, १९८९ ला ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर, नुसत्या अमेरिकेत १ कोटी खपला. आणि अँड्र्यूनं १९९० ला स्वतःचा एक अल्बम काढला तो चालला नाही, कंपनीनं पुढं दुसरा काढलाच नाही. हिशोब एवढाच आहे.

मी पण कॉलेजला बँडमध्ये बेस वाजवायचो. आमचा गायक पुण्याला गेला तो गेलाच. पहिल्या महिन्यात दोन फोन, मग वाढदिवसाला मेसेज, मग तेपण नाही. मी त्याची वाट बघत दीड वर्ष दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलं नाही, बेस पलंगाखाली. ती दीड वर्षं मला परत पाहिजेत. म्हणून सांगतो, तो जायच्या आधी तू दुसरा गायक बघ.

सॅक्सवाले_काका:

पोरा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचो, १९८४ पासून पुढं जवळजवळ वीस वर्षं. आमच्या घरात ब्रास बँड, आज्ज्यापासून. मी क्लॅरिनेटवर शिकलो, मग सॅक्स. १९८६ साली मावसभावानं मुंबईहून 'केअरलेस व्हिस्पर'ची कॅसेट आणली आणि म्हणाला हे वाजवून दाखव. ती कॅसेट मी एवढ्या वेळा मागं घेतली की टेप ताणली जाऊन सूरच उतरला, तरी त्या उतरलेल्या सुरातच बसवलं. पुढं गावागावातल्या ऑर्केस्ट्रात इंटरव्हलच्या आधी तो पीस मी वाजवायचो आणि ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं ती माणसं शिट्ट्या मारायची. त्यामुळं जॉर्ज मायकलबद्दल मी जे मिळंल ते वाचत आलोय, थोडं सांगतो.

पहिली गोष्ट, अँड्र्यू नसता तर जॉर्ज मायकल झालाच नसता. हे माझं मत नव्हं, घडलेलं बघ. १९७५ साल, लंडनच्या बाहेर बुशी मीड्स नावाची शाळा. नवीन पोरगं आलं, जाड भिंगाचा चष्मा, कुरळे केस, बाप सायप्रसहून आलेला ग्रीक, नाव योर्गोस पानायोतू. मास्तरांनी विचारलं ह्या नव्या पोराला शाळा कोण दाखवणार तर हात वर केला अँड्र्यूनं. बारा वर्षांची पोरं. अँड्र्यू देखणा, बिनधास्त, कपड्यांची आवड, आणि हा बुजरा. ह्याला आतनं अँड्र्यूसारखंच व्हायचं होतं. पुढं स्टेजवर जो 'जॉर्ज मायकल' आपण बघितला, ते चालणं ते हसणं ते सगळं, त्याचा पहिला नमुना अँड्र्यूच होता.

दुसरं, बँड काढायचा हट्ट अँड्र्यूचा. १९७९ ला जॉर्ज म्हणत होता परीक्षा होऊ दे मग बघू, अँड्र्यू म्हणाला नाही, आत्ताच. तेव्हा 'द एक्झिक्युटिव्ह' नावाचा बँड झाला, तो मोडला, मग १९८१ ला दोघंच राहिले आणि व्हॅम झालं. म्हणजे दार उघडलं ह्यानं, आत जाऊन घर बांधलं त्यानं. दार उघडणाऱ्याला काय किंमत द्यायची हे ज्यानं त्यानं ठरवावं, मी लई मोठी देतो.

तिसरं, 'केअरलेस व्हिस्पर' हे गाणंच दोघांच्या नावावर आहे. जॉर्जला त्याची धून सतरा वर्षांचा असताना बसमध्ये सुचली, कामाला जाताना, पण गाण्यावर दोघांनी मिळून काम केलं आणि कागदावर आजपण दोन नावं आहेत, जॉर्ज मायकल आणि अँड्र्यू रिजली. आता गंमत बघ, १९८४ ला इंग्लंडमध्ये ते गाणं आलं तेव्हा कव्हरवर गायक म्हणून एकटा जॉर्ज होता, व्हॅम जोरात चालू असताना. अमेरिकेत तेच गाणं 'व्हॅम, फीचरिंग जॉर्ज मायकल' म्हणून आलं. म्हणजे सोलो आणि जोडी दोन वर्षं बरोबरच चालली, एकानं दुसऱ्याचा गळा धरला नाही.

सॅक्सचं सांगितल्याशिवाय मला राहवंना. आधी हे गाणं अमेरिकेत अलाबामात मसल शोल्सला रेकॉर्ड केलं होतं, प्रोड्युसर जेरी वेक्सलर, म्हणजे अरेथा फ्रँकलिन आणि रे चार्ल्सबरोबर काम केलेला मोठा माणूस. आणि ह्या वीस वर्षांच्या पोरानं ते ऐकून सांगितलं की हे नको, मी परत करणार. लंडनला येऊन स्वतः प्रोड्यूस केलं. सॅक्सवाले एकामागं एक बोलावले आणि परत पाठवले, शेवटी स्टीव्ह ग्रेगरी म्हणून एक जण आला त्याला ते जमलं. मी वाजवलंय म्हणून सांगतो, सूर अवघड नाहीत, श्वास अवघड आहे. वरून खाली येताना मधे कुठं दम घेतला तर ते रडणं तुटतं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणायची ताकद त्या पोरात कुठनं आली, तर शेजारी कायम एक दोस्त होता जो म्हणत होता तुझं बरोबर आहे. हे मात्र माझं मत.

रंकाळ्याचा_गिटारवाला:

काका, काय बोलू. मावसभावाची कॅसेट वाचून अंगावर काटा आला. ती हात वर केल्याची गोष्ट मी डॉक्युमेंटरीत बघितली होती पण असा विचार केला नव्हता. आमच्यात उलटं झालं होतं, मी नवीन आलो होतो गडहिंग्लजहून आणि हात त्यानं वर केला होता.

तिकटी भाऊ, राग नाही. ती पलंगाखालची दीड वर्षं वाचून वाईट वाटलं. पण दुसरा गायक मला आत्ता सुचत पण नाही.

दसरा_चौक:

गिटारवाले दादा, मी वकिली करते आणि गाण्यातलं फार कळत नाही, पण तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यानं मला बेचैन केलं, 'कुठलं कुणाचं हे कधी लिहून ठेवलं नाही'. बाकी भावना बाजूला राहू दे, हे काम मित्र मुंबईला जायच्या आधी करा. सही झाल्यावर नाही, आधी.

व्हॅमचंच उदाहरण घ्या. १९८२ मध्ये ही १८-१९ वर्षांची पोरं इनरव्हिजन नावाच्या छोट्या कंपनीबरोबर सही करून बसली. रॉयल्टी इतकी कमी की गाणी टॉपला आणि खिसा रिकामा. त्यातनं सुटायला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि १९८४ ला एपिक कंपनीकडं गेले तेव्हा मोकळे झाले. बरं, तिथून शिकून जॉर्ज मायकल पुढं सावध झाला असेल म्हणावं तर १९९३ मध्ये तो परत कोर्टात उभा, आता सोनीच्या विरुद्ध, कारण एपिकची मूळ कंपनी सीबीएस तोपर्यंत सोनीनं विकत घेतली होती. म्हणणं असं की हा करार म्हणजे मला बांधून ठेवलंय, कंपनी माझा नवीन अल्बम मनापासून विकत नाही. जून १९९४ मध्ये तो हरला. करार त्यानं वकिलांचा सल्ला घेऊन केलेला आहे, वाटाघाटी करून वाढवूनही घेतलेला आहे, तेव्हा तो वैध, असं कोर्टाचं म्हणणं. जगातला एवढा मोठा गायक आणि १९९० नंतरचा त्याचा पुढचा अल्बम यायला १९९६ उजाडलं, तोही दुसऱ्या कंपन्यांनी त्याला सोडवून घेतल्यावर. पंचविशी-तिशीतली सहा वर्षं. तुमच्या मित्राला हे नक्की सांगा.

आता आपल्याकडचं. गाण्याचे शब्द ज्याचे तो एक मालक, चाल ज्याची तो दुसरा, आणि रेकॉर्डिंगचा हक्क हा तिसरा, वेगळा, तो सहसा पैसे घालणाऱ्या कंपनीकडं जातो. कॉपीराइट गाणं तयार झालं की आपोआप लागू होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, पण पुरावा पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी 'सोडून दिला' असं लिहून घेतलं तरी ते कायद्यात टिकत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत, म्हणून कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द घालतातच, ते शोधून वाचा. दोघांनी मिळून केलेलं गाणं एकट्याला परस्पर देता येत नाही, दोघांची संमती लागते. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा दोघंही, तिथं प्रत्येक गाण्याला कुणाचा किती वाटा हे टाकता येतं.

एका साध्या कागदावर चौदा गाण्यांची नावं, समोर शब्द कुणाचे, चाल कुणाची, खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. दोस्तीत हे विचारायला जड जातं माहीत आहे मला. माझ्याकडं अशी भावाभावांची प्रकरणं येतात, जमिनीची, आणि प्रत्येक वेळी दोघंही हेच म्हणतात की तेव्हा विचारायला जड गेलं.

मिरजकर_तिकटी:

दसरा चौक ताई, हे आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या गायकानं आमचं एक गाणं पुढं रेकॉर्ड केलं, बेसलाईन माझीच, जशीच्या तशी, नाव कुठंच नाही. पैशाचं राहू दे, नाव तरी.

काका, तुमचं लिहिलेलं परत वाचलं. मी पहिल्यांदा जे लिहिलं ते माझ्या दुखण्यातनं लिहिलं. पण एक विचारतो, अँड्र्यूला वाईट वाटलं नसंल का? जॉर्ज जगभर गाजायला लागला तेव्हा हा घरी बसून काय करत होता?

शाहूपुरी_अनप्लग्ड:

मधेच येतो. आपल्याकडचं एक उदाहरण राहिलं बघा, सिल्क रूट. १९९८ चा 'बूंदें' अल्बम, त्यातलं 'डूबा डूबा' आम्ही होस्टेलला असताना प्रत्येक गिटारवाल्याच्या पहिल्या पाच गाण्यांत असायचं. गायक मोहित चौहान. २००० ला दुसरा अल्बम आला आणि मग बँड हळूहळू दिसायचा बंदच झाला. पुढं मोहित चौहान कधी वर आला तर २००७ ला 'जब वी मेट'मधलं 'तुम से ही', मग २००९ ला 'मसकली', मग २०११ ला 'रॉकस्टार'. दोनदा फिल्मफेअर. मला सांगायचंय ते हे की बँड आणि सोलो यश यांच्यामधी सात-आठ वर्षांचं मैदान आहे, आणि त्या मैदानात माणूस काय करतो कुणाला दिसत नाही. मुंबईला गेलं की झालं असं नसतंय. तुमच्या दोस्तालापण ते मैदान लागणार आहे, तेव्हा त्याला फोन करणारा माणूस पाहिजे. तो माणूस तुम्ही राहिलात तर लई मोठं काम.

सॅक्सवाले_काका:

तिकटी, चांगलं विचारलंस. वाईट वाटलंच असणार, माणूस आहे. पण आधी ते कसं फुटलं ते बघ. चोरून नाही, भांडून नाही. जॉर्जच्या डोक्यातलं संगीत मोठं व्हायला लागलं होतं आणि व्हॅम म्हणजे मुळात दोन पोरांच्या मजेचा बँड, ऊन, पोहणं, पार्टी. त्या कपड्यात तो मावंना. हे अँड्र्यूला पण दिसत होतं. म्हणून दोघांनी बसून ठरवलं की वर असतानाच थांबायचं. एप्रिल १९८५ ला चीनला जाऊन वाजवून आले, पेकिंगच्या वर्कर्स जिम्नॅशियममध्ये, पाश्चात्त्य पॉप बँड तिथं जाऊन गातोय हेच तेव्हा नवल, लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या कळंना. आणि मग २८ जून १९८६, वेम्बली स्टेडियम, ७२ हजार लोक. कार्यक्रमाचं नावच 'द फायनल'. लोकांना माहीत होतं हा शेवटचा, दोघांना माहीत होतं. त्याच आठवड्यात त्यांचं शेवटचं गाणं इंग्लंडात एक नंबरला होतं. आपल्याकडं बँड मोडतो म्हणजे एकजण फोन उचलायचा बंद होतो. ह्यांनी शेवट लोकांसमोर वाजवून केला.

अजून एक. १९८४ च्या 'वेक मी अप बिफोर यू गो-गो'चं नाव कुठनं आलं माहीत आहे का? अँड्र्यूनं आईबापासाठी घरात चिठ्ठी लिहून ठेवली होती, सकाळी जायच्या आधी मला उठवा म्हणून. लिहिताना 'अप' चुकून दोनदा पडला तर ह्यानं 'गो'पण दोनदा लिहिला. जॉर्जनं ती चिठ्ठी बघितली आणि त्यातनं गाणं झालं, अमेरिकेतलं त्यांचं पहिलं एक नंबर. त्या गाण्याच्या श्रेयात अँड्र्यूचं नाव नाही, लिहिलं एकट्या जॉर्जनंच. पण ती चिठ्ठी कागदावर कुठल्या रकान्यात लिहिणार वकीलबाई, सांगा.

आणि पुढचं. जॉर्जनं सोलो मिळवलं खरं, पण ते सोपं नव्हतं. 'फेथ'मुळं एवढी प्रसिद्धी आली की माणूस गुदमरला. १९९० च्या अल्बमला त्यानं स्वतः व्हिडिओत यायचंच नाकारलं. 'फ्रीडम! ९०'च्या व्हिडिओत त्याच्या आवाजावर पाच मॉडेल ओठ हलवतात, आणि 'फेथ'मधलं ते त्याचं चामड्याचं जॅकेट जळताना दाखवलंय, डेव्हिड फिंचरनं केलेला व्हिडिओ. १९९३ ला त्याचा जिवलग जोडीदार गेला, अन्सेल्मो फेलेप्पा, आणि ते दुःख त्याला तेव्हा उघड बोलतापण येत नव्हतं. कोर्ट, मग आजारपण. २०१६ च्या ख्रिसमसच्या दिवशी गेला, वय ५३. त्या दिवशी मी इथं घरात सॅक्स काढला होता.

अँड्र्यू गाण्यातनं बाजूला झाला, समुद्राकाठी कॉर्नवॉलला राहिला, लाटांवर खेळत. १९९१ ला ब्राझीलमध्ये रॉक इन रिओ होतं तिथं जॉर्जनं त्याला स्टेजवर बोलावलं, परत दोघं शेजारी. आणि जॉर्ज गेल्यावर २०१९ ला त्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं ते अँड्र्यूनंच. तू जी डॉक्युमेंटरी बघितलीस त्यातल्या कात्रणांच्या वह्या बघ, त्या अँड्र्यूच्या आईनं जपलेल्या. त्या पोरांचं सगळं ह्या घरानं सांभाळलं.

दसरा_चौक:

काका, त्या चिठ्ठीला रकाना नाही. कायदा कल्पनेला हक्क देत नाही, मांडणीला देतो. पण मित्राला माहीत असेल तर तो सांगेल लोकांना, जसं जॉर्ज-अँड्र्यूच्या बाबतीत आज आपल्याला कोल्हापुरात बसून माहीत आहे.

दादा, कागदाचं विसरू नका.

रंकाळ्याचा_गिटारवाला:

चार दिवसांनी लिहितोय. काल संध्याकाळी आम्ही भेटलो, पद्माराजे उद्यानाच्या बाजूला, नेहमीची जागा. मी वही घेऊन गेलो होतो आणि गाडी लावल्यापासून अर्धा तास ती पिशवीतनं बाहेर काढायचं धाडस होईना. शेवटी त्यानंच विचारलं पिशवीत काय आहे.

दसरा चौक ताई, तुम्ही म्हणाला तसंच चौदा नावं लिहिली. बारा गाण्यांना दहा मिनिटं लागली. तेराव्याला तो म्हणाला चाल तुझीच, मी म्हटलं मुखडा तू गुणगुणलास त्यातनं आली, तुझी, आणि तिथं आम्ही भांडलो, म्हणजे खरंच आवाज चढला, शेजारी भेळ खाणारी माणसं बघायला लागली. शेवटी निम्मी-निम्मी लिहिली. चौदावं आईवरचं आहे त्याच्या, ते मी हातच लावला नाही, सगळं त्याचं. सह्या केल्या, तारीख घातली, दोघांनी फोटो काढून ठेवले. आयपीआरएसचा फॉर्म पण भरणार आहोत. तो कंपनीचा कागद आला की सही करायच्या आधी तुम्हाला दाखवायचा असं ठरलंय, तुमची फी सांगा, फुकट नको.

मग मी त्याला वेम्बलीचं सांगितलं काका, तुमचं सगळं फोनमधनं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आपण पण करूया की. आमच्याकडं ७२ हजार कुठले, पण शाहू स्मारक भवनाचं बघून आलो आज सकाळी. पोस्टरवर लिहायचं की हा जोडीचा शेवटचा कार्यक्रम. नुसती आपली गाणी, चौदाच्या चौदा, फर्माईश घ्यायची नाही. ढोलकीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला बिदागी नको.

तिकटी भाऊ, बेस पलंगाखालनं काढा. आम्हाला बेसवाला कधीच नव्हता. सात गाण्यांचे कॉर्ड आज रात्री पाठवतो, बाकीचे उद्या, जमंल का बघा.

आणि काका, ते जे निम्मं-निम्मं गाणं आहे त्याच्या दुसऱ्या अंतऱ्याआधी सोळा मात्रा मी नेहमी रिकाम्या सोडायचो, काहीतरी तिथं पाहिजे असं वाटायचं आणि गिटारनं ते भरंना. तुम्ही याल का?

मिरजकर_तिकटी:

तारा गंजल्यात. नवीन घालतो. पाठव.

सॅक्सवाले_काका:

२०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं, सॅक्सची पेटी खाली राहिली, पॅड सगळे फुगून निकामी झाले होते. अर्धे बदलले, वरच्या किल्ल्यांचे राहिलेत, तिथनं हवा जाते. मिरजेला एक कारागीर आहे ओळखीचा, पंधरा दिवसांत होईल म्हणतोय. तारीख त्याच्या पुढची घ्या.

सूर कुठला गाण्याचा?

रंकाळ्याचा_गिटारवाला:

डी मायनर, काका.

सॅक्सवाले_काका:

म्हणजे माझ्या अल्टो सॅक्सवर बी मायनर. गाणं पाठव, नुसतं गिटार आणि आवाज, ढोलकी नको. आजपासूनच बसवायला घेतो.